बाप्तिस्म्यानंतर पाप घडलं, तर तारण जातं का?

"सात वर्षांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला. गावातल्या महिला बचत गटाची मी सचिव आहे. मागच्या वर्षी मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायला पैसे कमी पडत होते. त्याच आठवड्यात गटातल्या एका बाईने कर्जफेडीचे १४,००० रुपये रोख माझ्या हातात दिले. ते मी बँकेत भरलेच नाहीत. वहीत तिच्या नावावर बाकी तशीच राहिली. बैठकीत तिने सांगितलं की मी पैसे दिलेत, पण तिच्याकडे पावती नव्हती आणि मी गप्प बसले. पुढे तिला नवीन कर्ज नाकारलं गेलं. नंतर ९,००० रुपये मी तिच्याच नावाने थोडे थोडे करून भरले, ५,००० अजून राहिलेत. माझे दीर दुसऱ्या फेलोशिपला जातात. घरात विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, सत्य कळल्यावर जो पडतो त्याला परतीची वाट नाही, इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तसं लिहिलंय. माझी मैत्रीण म्हणते, एकदा तारण झालं की झालं, काळजी करू नको. दोघांनाही खरी गोष्ट माहीत नाही. तीन महिने मी चर्चमधलं प्रभुभोजन घेतलेलं नाही, तब्येतीचं कारण सांगते. माझं तारण गेलं का? की माझा बाप्तिस्माच खोटा होता?"

एक भगिनी, जालना जिल्हा

प्रिय ताई,

तुमचं तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे पापातून झालेली सुटका, गेलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या माणसाची झोप उडालीय त्याला उत्तरासाठी ताटकळत ठेवू नये. पण माझं हे उत्तर तुमच्या मैत्रिणीच्या "काळजी करू नको"सारखं नाही. काळजी करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त तुम्ही ती चुकीच्या जागी करताय.

दिरांनी सांगितलेल्या वचनापासून सुरुवात करू. इब्री ६:४-६. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि तरी जे पतित झाले, त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य आहे, असं तिथे खरोखरच लिहिलंय. वचन कडक आहे आणि ते सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र ते कोणाला लिहिलं हे विसरून वाचलं तर ते वाचणाऱ्याचाच घात करतं. हे पत्र ज्यांच्या हाती गेलं ते लोक छळाने थकले होते. त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, हे दहाव्या अध्यायात येतं. ख्रिस्ताला सोडून मागे फिरावं, या विचारापर्यंत त्यांच्यातले काही आले होते. "देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणे" असं ज्याला दहावा अध्याय म्हणतो, ते हे मागे फिरणं. तुम्ही येशूला नाकारलेलं नाही. तुम्ही त्याच्यापासून तोंड लपवताय, आणि या दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. शिवाय सहावा अध्याय सहाव्या वचनावर थांबत नाही. लगेच नवव्या वचनात लेखक त्याच वाचकांना प्रियजन म्हणतो आणि तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे असं सांगतो. ज्यांची वाट बंद झाली त्यांना कोणी अशी पत्रं लिहीत बसत नाही.

नव्या करारातली पत्रं एकदा या नजरेने वाचून पाहा. त्यांत ज्या पापांबद्दल लिहिलंय ती बहुतेक बाप्तिस्मा झालेल्यांचीच पापं आहेत. करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, एका माणसाने बापाची बायको ठेवली होती. प्रेषित पौलाने त्याला मंडळीबाहेर काढायला लावलं. आणि दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल तोच पौल लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस असावा असं फार पूर्वीपासून मानलं जातं. अंत्युखियात तर येशूचा खुद्द शिष्य पेत्र चुकला. यहुदी पाहुणे आले तसा तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पेत्राचं तारण गेलं, असं पौल म्हणत नाही. तू सरळ चालत नाहीस, एवढंच म्हणतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत: तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, पण कोणी पाप केलंच, तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, येशू ख्रिस्त. योहान हे बाहेरच्यांना नाही, "माझ्या मुलांनो" म्हणून लिहितो.

तुम्हाला वाटतं तशी भीती मंडळीला पहिल्यापासून आहे, हे कळलं तर कदाचित तुमचं एकटेपण थोडं कमी होईल. बाप्तिस्म्याने मागची पापं धुतली जातात, मग पुढच्यांचं काय, या धास्तीने जुन्या काळी कितीतरी लोक बाप्तिस्माच लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो घेतला तो ३३७ साली, मरणाच्या दारात. पुढे थोर धर्मशिक्षक झालेला ऑगस्टीन लहानपणी फार आजारी पडला तेव्हा त्याच्या आईने, मोनिकाने, बाप्तिस्म्याची तयारी केली होती. पोरगा बरा झाला आणि तिने तो पुढे ढकलला, कारण धुतल्यानंतरचा डाग जास्त वाईट असं लोक मानत. अखेर त्याचा बाप्तिस्मा झाला ३८७ साली मिलानमध्ये, बत्तिसाव्या वर्षी.

पण तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची गोष्ट त्याही आधीची आहे. सम्राट डेसियसने २५० च्या सुमारास हुकूम काढला की प्रत्येकाने रोमी देवांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. उत्तर आफ्रिकेत कार्थेजच्या मंडळीतले लोक घोळक्याने जाऊन यज्ञ करून आले. काहींनी यज्ञ केला नाही, पण अधिकाऱ्याला पैसे चारून खोटा दाखला मिळवला. छळ ओसरला तसे हे सगळे रडत मंडळीच्या दारात आले. आता यांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू म्हणाला की यांना परत घेण्याचा अधिकार मंडळीला नाहीच, देवाला काय करायचं ते देव बघेल. काही जण उलट टोकाला गेले, त्यांना सगळ्यांना ताबडतोब प्रभुभोजनाला बसवायचं होतं. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दोन्ही नाकारलं. २५१ च्या परिषदेत ठरलं की परतीची वाट आहे, पण ती पश्चात्तापातून जाते. खोटा दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचं, आणि ज्यांनी यज्ञ केला त्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करायचं. पुढे पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा त्यांनाही लवकर परत घेतलं. सिप्रियन स्वतः २५८ साली विश्वासासाठी मारला गेला, म्हणजे हा काही पापाकडे काणाडोळा करणारा माणूस नव्हता. नोव्हेशियनची वाट मंडळीने स्वीकारली नाही. तुमच्या दिरांना माहीतही नसेल, पण ते ज्या वाटेने बोलले ती ही जुनी, नाकारलेली वाट आहे.

आज मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, ते मी लपवणार नाही. कॅथलिक शिकवण, ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली मांडली तशी, म्हणते की गंभीर पापाने कृपा हरवते, आणि पापनिवेदनाच्या संस्कारात ती परत मिळते. जॉन वेस्लीच्या परंपरेतले, म्हणजे आपल्याकडचे मेथॉडिस्ट किंवा नाझरीन, मानतात की विश्वासी माणूस तारणापासून ढळू शकतो आणि पश्चात्तापाने परत येऊ शकतो. कॅल्विनच्या परंपरेत देव आपल्या माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही असं मानतात. "माझ्या हातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही" हे योहानाच्या दहाव्या अध्यायातलं प्रभूचं वचन त्यांचा आधार, आणि माझाही. मला माझं तारण माझ्या पकडीवर सोपवायचं नाही, त्याच्या पकडीवर सोपवायचं आहे. पण एक बघा ताई, तिन्ही परंपरा पडलेल्याला उठून परत ये असंच सांगतात. पश्चात्ताप करणाऱ्यालाही वाट नाही, असं यांतली एकही शिकवत नाही.

आता मैत्रिणीच्या बोलण्याकडे वळते, कारण मला त्याची जास्त भीती वाटते. "एकदा तारण, कायमचं तारण" ही ओळ लोक अर्धीच पाठ करतात. नेदरलँड्समधल्या ज्या डॉर्टच्या परिषदेने (१६१८-१९) ही शिकवण ठामपणे मांडली, तिनेच त्याच प्रकरणात लिहून ठेवलंय की खरे विश्वासीही दावीद आणि पेत्रासारखे भयंकर पडू शकतात. अशा पापाने ते देवाला दुखावतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात, आपल्याच विवेकाला जखम करतात आणि परत वाटेवर येईपर्यंत कधीकधी देवाच्या कृपेची जाणीवच गमावून बसतात. तीन महिने तुमचं हेच चाललंय. प्रार्थनेला बसलात की शब्द फुटत नसतील. मैत्रिणीने सांगितलं काळजी करू नको, आणि तुमचं मन मानलं नाही. मानलं नाही हे बरं झालं. पौलाला कोणी विचारलं असतं की कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, तर त्याचं उत्तर रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तयार आहे: कधीच नाही.

दाविदाचं ५१ वं स्तोत्र वाचा, पण सावकाश. तो म्हणतो, तुझा पवित्र आत्मा माझ्यापासून काढून घेऊ नकोस. म्हणजे तोही घाबरला होता. आणि लगेच पुढे मागतो की तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे. आनंद हरवला होता. नाथान संदेष्ट्याने त्याला सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. तरी त्याच्या घरावर जे यायचं ते आलंच, आणि ज्याची बायको घेऊन दाविदाने ज्याला मारवलं, तो उरिया काही उठून आला नाही. क्षमा मिळाली म्हणून नुकसान आपोआप भरून निघत नाही.

बाप्तिस्मा खोटा होता का, या प्रश्नावर फार थांबू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळायला आठ वर्षं गेली.  जसं आहोत तसं पापी म्हणून त्या ख्रिस्तापाशी गेल्या. तुमचा सात वर्षांपूर्वीचा विश्वास किती टक्के खरा होता हे उकरून काढणं तुम्हाला जमणार नाही, मलाही नाही. आज त्याच्याकडे जाता येतं, तेवढं पुरे आहे.

आणि आता त्या बाईबद्दल. तुमच्या पत्रात ती मोजक्याच वाक्यांत आहे, ताई. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. बैठकीत ती म्हणाली की मी पैसे दिलेत. खरं बोलत होती. आणि तुम्ही सचिव म्हणून वही घेऊन समोर बसला होता. त्या दिवसापासून गावात ती खोटं बोलणारी बाई झाली. तिला कर्ज नाकारलं गेलं. ते तिला कशासाठी हवं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही ९,००० भरलेत, पण तिच्या नावावर "उशिरा आलेले हप्ते" म्हणून, म्हणजे भरतानाही वही खोटीच राहिली. पैशांचा खड्डा निम्म्याहून जास्त बुजला, पण तिच्या नावाला लागलेला डाग अजून तसाच आहे. तारण हे काही बचत गटाचं पासबुक नाही, की एक खर्च पडला आणि शिल्लक शून्य झाली, म्हणून मी पहिल्या ओळीत ठामपणे उत्तर दिलं. पण तारण झालेल्या माणसाने काय करायचं, हेही शास्त्रात स्पष्ट आहे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय मुळीच म्हणाला नाही की मला आता क्षमा मिळाली, विषय संपला. कोणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो, असं तो सगळ्यांसमोर बोलला.

पेत्र आणि यहूदा यांचा विचार करा. एकाच रात्री यहूदाने प्रभूला पकडून दिलं आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारलं, दोघांना पस्तावा झाला. मत्तय सांगतो की यहूदाने तर पैसेही परत नेले. चांदीची तीस नाणी घेऊन तो याजकांकडे गेला आणि म्हणाला, मी पाप केलंय. याजक म्हणाले, आम्हाला त्याचं काय? तुझं तू बघ. कबुली द्यायला आलेल्या माणसाला धर्माच्या माणसांनी हाकलून दिलं आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर प्रभूने त्याला तीनदा विचारलं तेव्हा तो तिथे हजर होता. हे मी तुमच्या पाळकांसाठीही (पास्टरांसाठीही) लिहितेय, कारण हा अंक त्यांच्याही हाती जाईल. कोणी ताई असं सांगायला आली, तर तुझं तू बघ म्हणू नका.

तुम्ही एकट्या राहू नका. आधी नवऱ्याला सांगा, त्यांना माहीत नसेल तर आजच. मग दोघं मिळून पाळकांकडे जा. गुपित राखण्याची विनंती करा, पण खोटं काही सांगू नका. राहिलेल्या ५,००० रुपयांची सोय करा. दागिना मोडावा लागला तरी चालेल, पण गटातल्याच दुसऱ्या कोणाकडून उसने घेऊ नका.

मग त्या बाईच्या घरी जा. बैठकीच्या आधी, कारण ही गोष्ट तिला चारचौघींत पहिल्यांदा कळता कामा नये. तिला सांगा की तू पैसे दिले होतेस, मी ते वापरले आणि तू खरं बोलत असताना गप्प बसले. फीचं कारण सांगायची घाई करू नका, तिने विचारलं तर सांगा. आणि एक मनापासून सांगते: देवाने मला क्षमा केलीय, असं तिच्यासमोर म्हणू नका. तिने अजून केलेली नाही. क्षमा मागा आणि उत्तरासाठी तिला वेळ द्या. ती चिडेल, शिव्या देईल, कदाचित दार लावून घेईल. तो तिचा हक्क आहे.

नंतर बैठकीत वही उघडा आणि नोंद दुरुस्त करा. तिच्यासमोर, अध्यक्ष आणि गटाच्या सहयोगिनीसमोर सांगा की ही बाई थकबाकीदार कधीच नव्हती. सचिवपद तुम्ही स्वतःहून सोडा. गट पुढे काय करेल हे तुमच्या हातात नाही. दंड लावतील, गटातून काढतील, तक्रारही करू शकतील. गावात बोललं जाईल, आणि "बघा, बाप्तिस्मा घेतलेल्या" असंही कोणी म्हणेल. ते ऐकून घ्यावं लागेल. मंडळीचं नाव राखायचं म्हणून गप्प बसा, असं मंडळीतल्या कोणी सुचवलं, तर ऐकू नका. दुसऱ्या बाईच्या बदनामीवर मंडळीचं नाव उभं राहत नाही.

प्रभुभोजनाचं विचाराल तर, अयोग्य रीतीने खाण्यापिण्याबद्दल पौलाने करिंथकरांना जे लिहिलं त्याची पार्श्वभूमी लक्षात घ्या. तिथे पैसेवाले आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. म्हणजे दोष दुसऱ्या माणसाला तुच्छ लेखण्याचा होता. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने क्रमही सांगितलाय: वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. तुम्ही आधी जा. त्या बाईला भेटलात, वही दुरुस्त झाली, की त्याच महिन्यात मेजाशी या. तिने क्षमा करेपर्यंत थांबू नका, ती कदाचित वर्षभर करणार नाही. आणि सगळं अंगातलं पाप जाऊन पवित्र होईपर्यंतही थांबू नका. तसं झालेला माणूस त्या मेजाशी आजवर कोणी बसलेला नाही. तब्येतीचं कारण मात्र आता बंद करा, आजपासूनच.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की मुलीला कळलं तर ती कॉलेज सोडेल, म्हणून तिला सांगू नये का. तिला सांगा. गावातून कानावर जाण्याआधी, तुमच्या तोंडून. फी तू मागितली नव्हतीस, निर्णय माझा होता, हे स्पष्ट सांगा म्हणजे तिच्या डोक्यावर ओझं राहणार नाही. कॉलेज सोडायला निघाली तर थांबवा. राहिलेले ५,००० तिच्या शिष्यवृत्तीतून घेऊ नका. ते तुमच्या कष्टाचे असू द्या. चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, तर स्वतःच्या हातांनी श्रम करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल, असं पौल इफिसकरांना लिहितो. तिचा सुट्टीचा दिवस कोणता ते बघा आणि त्या दिवशी बोला.